वाचक विचारतात : प्रोजेरिया आणि पेशींचं अकाली थकणं

गेल्या अंकातल्या दुर्मीळ आजारांच्या पानावर हचिन्सन-गिलफर्ड प्रोजेरियाची चार ओळींची नोंद होती. सुमारे चाळीस लाख जन्मांमागे एक मूल, जन्मतः निरोगी, वर्षभरात वाढ खुंटते, केस गळतात, आणि उपचारांविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांचं, एवढंच त्यात होतं. त्यावर शिक्षक, पालक आणि एका दंतवैद्यांची पत्रं आली. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. औषधांची प्रमाणं लिहिली आहेत ती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावीत म्हणून. घरच्या घरी डोस ठरवण्यासाठी नव्हे.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रोजेरियात डीएनएचं एक अक्षर बदलतं, पण त्याने अमिनो आम्ल बदलत नाही, असं वाचलं. मग आजार होतोच कसा? (शिक्षिका, कुडाळ)

पाठ्यपुस्तकातला ‘मूक उत्परिवर्तन म्हणजे निरुपद्रवी’ हा नियम इथे मोडतो, म्हणून वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पहिल्या गुणसूत्रावर एलएमएनए नावाचं जनुक आहे. त्यातल्या १८२४ व्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ येतो. जीजीसी हा संकेत जीजीटी होतो. दोन्हींचा अर्थ ग्लायसिनच, त्यामुळे ६०८ वं अमिनो आम्ल जसंच्या तसं राहतं. पण पेशी जनुक वाचते तेव्हा आधी आरएनएची कच्ची प्रत काढते आणि नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले (एक्झॉन) जोडते. कुठे कापायचं हे तिला अक्षरांच्या ठराविक क्रमावरून कळतं. या एका ‘टी’मुळे अकराव्या एक्झॉनच्या मधोमध कापण्याची एक खोटी खूण तयार होते. तिथे कात्री चालली की १५० अक्षरं, म्हणजे ५० अमिनो आम्लं, गळून पडतात.

हे ५० नेमके कोणते, यात सगळी मेख आहे. लॅमिन-ए हे प्रथिन आधी ६६४ अमिनो आम्लांचं, कच्च्या स्वरूपात बनतं. त्याच्या टोकाला फार्नेसिल नावाचा स्निग्ध रेणू जोडला जातो आणि त्याच्या आधाराने ते केंद्रकाच्या आतल्या पटलाशी पोहोचतं. अगदी टोकाची तीन अमिनो आम्लं आधीच निघालेली असतात. काम झालं की झेडएमपीएसटीई-२४ हे विकर (एन्झाइम) उरलेल्यांतली शेवटची पंधरा फार्नेसिलसकट कापून टाकतं. ६४६ अमिनो आम्लांचं पक्कं लॅमिन-ए मोकळं होतं आणि बाजेच्या नवारीसारख्या जाळीत विणलं जातं. ही जाळी केंद्रकाला आतून आकार देते. कापण्याची ती जागा गळून पडलेल्या ५० मध्येच असते. त्यामुळे प्रोजेरियातलं ६१४ अमिनो आम्लांचं प्रथिन, म्हणजे प्रोजेरिन, फार्नेसिलसकट पटलाला कायमचं चिकटून बसतं.

पुढचं सगळं या चिकटण्यातून येतं. केंद्रकाला फुगे येतात, सुरकुत्या पडतात. एरवी काठाला घट्ट गुंडाळून ठेवलेला डीएनए सैल होतो, बंद राहायला हवीत ती जनुकं चालू होतात. तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीसाठी लागणारी प्रथिनं वेळेवर पोहोचत नाहीत. पेशीला हे नुकसान जाणवतं आणि ती विभाजन थांबवते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी मानवी पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा विभागून थांबतात. हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. प्रोजेरियाच्या पेशी बऱ्याच आधी थांबतात.

मुलाकडे जनुकाची दुसरी प्रत निरोगी असते, मग ती का पुरत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. कारण इथे प्रथिन कमी पडल्याने आजार होत नाही, चुकीचं प्रथिन साचल्याने होतो. निरोगी प्रत कितीही चांगलं लॅमिन-ए बनवो, प्रोजेरिन हटत नाही. हा बदल एप्रिल २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधला: अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटाने. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये पहिल्या रुग्णाचं वर्णन केलं, त्यानंतर कारण सापडायला ११७ वर्षं गेली.

म्हणजे ही मुलं खरोखर ‘म्हातारी’ होतात का? (पुणे, नागपूर आणि बंगळूरहून)

पूर्णपणे नाही, आणि हा फरक नीट कळला तर काळजी कुठे घ्यायची तेही कळतं.

म्हातारपणातल्या काही गोष्टी यांच्यात भरपूर दिसतात: ताठर झालेल्या धमन्या, हृदयविकार, पक्षाघात, आखडलेले सांधे, पातळ त्वचा, त्वचेखालची चरबी नाहीशी होणं. काही गोष्टी अजिबात दिसत नाहीत. स्मृतिभ्रंश होत नाही, वयाचा मोतीबिंदू होत नाही. बुद्धी वयानुसार वाढते. वर्गात ही मुलं बहुधा तल्लख असतात. मेंदू वाचतो याचं एक सुंदर कारण आहे. चेतापेशींमध्ये एमआयआर-९ हा आरएनएचा छोटा तुकडा असतो आणि तो लॅमिन-एचं उत्पादनच दाबून ठेवतो. लॅमिन-ए बनत नाही, तर प्रोजेरिनही बनत नाही.

सर्वांत वाईट अवस्था होते ती धमन्यांच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशींची. प्रत्येक ठोक्याला त्या ताणल्या जातात. केंद्रकाची जाळी बिघडलेली असेल तर तो ताण त्यांना सोसत नाही, त्या मरतात आणि त्यांच्या जागी ताठर ऊतक भरतं. म्हणून कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नसतानाही बहुतेक मुलांचा मृत्यू हृदयाच्या विकाराने किंवा पक्षाघाताने होतो.

एका गाजलेल्या हिंदी चित्रपटामुळे या आजाराचं नाव घराघरांत पोहोचलं, पण पडद्यावरच्या त्या पात्राची उंची विसरून जा. प्रत्यक्षात या मुलांची पूर्ण वाढ साधारण एक मीटर उंची आणि चौदा किलो वजनापाशी थांबते.

आमच्या १४ महिन्यांच्या मुलीचं वजन सहा महिन्यांपासून जवळपास तेवढंच आहे. पोटावरची कातडी घट्ट आणि खडबडीत वाटते, केस विरळ होताहेत, डोक्यावरच्या शिरा दिसतात. एक्झोम तपासणीचा अहवाल ‘काही आढळले नाही’ असा आला. मग प्रोजेरिया नाही ना? (आई, सांगली)

एवढ्यावर ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याचं कारण पहिल्या उत्तरातच आहे.

एक्झोम तपासणीत, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचण्यात, हजारो बदल सापडतात आणि संगणक ते गाळत जातो. अमिनो आम्ल न बदलणारे बदल गाळून टाकणं ही नेहमीची पहिली चाळण असते. प्रोजेरियाचा नेहमीचा बदल नेमका याच प्रकारचा. रोगकारक बदलांच्या नोंदींशी ताडून पाहणाऱ्या प्रयोगशाळेला तो सापडतो, पण मागणीपत्रावर फक्त ‘वजन वाढत नाही’ एवढंच लिहिलं असेल तर निसटू शकतो.

म्हणून दोन गोष्टी करा. ज्या प्रयोगशाळेने तपासणी केली तिला तुमच्या जनुकतज्ज्ञांमार्फत पत्र द्या: ‘एलएमएनए जनुकातला १८२४ क्रमांकाचा सी-टी बदल आहे का, ते कच्च्या माहितीत पुन्हा पाहावे.’ बहुतेक वेळा नवा नमुना लागत नाही. शिवाय त्याच जनुकाच्या अकराव्या एक्झॉनचं आणि त्यालगतच्या इंट्रॉनच्या सुरुवातीचं सँगर पद्धतीने वाचन मागा. त्यासाठी ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. इंट्रॉनचा काठ मुद्दाम सांगायचा, कारण थोड्या मुलांमध्ये बदल तिथे असतो आणि आजाराची तीव्रता वेगळी असते.

तोवर डॉक्टरांना या गोष्टीही दाखवा: टाळू भरली आहे का, दात उशिरा येताहेत का, भुवया-पापण्या विरळ आहेत का, हनुवटी लहान आहे का, तोंडाभोवती निळसर छटा आहे का, नखं नीट वाढताहेत का. छातीच्या आणि हातांच्या एक्स-रेत गळपट्टीची हाडं आणि बोटांची शेवटची पेरं झिजलेली दिसली तर शंका बळावते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी इथे १९९९ मध्ये सुरू झालेली प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था जगभरातल्या संशयित मुलांची जनुकतपासणी विनामूल्य करते. मुंबईत केईएम रुग्णालयात जनुकविकारांचा विभाग आहे आणि ते केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्रही आहे. आधी तिथे नाव नोंदवा. पुढचा पत्रव्यवहार सोपा जातो.

लोनाफार्निब या औषधाने आजार बरा होतो का? किती आणि कसं द्यायचं? (तीन पालक)

बरा होत नाही. आयुष्य वाढतं, धमन्यांचा ताठरपणा काहीसा कमी होतो, काही मुलांचं वजन वाढतं.

हे मुळात कर्करोगासाठी बनवलेलं औषध. ते फार्नेसिल जोडणाऱ्या विकरालाच अडवतं, म्हणजे प्रोजेरिन तयार होतं पण पटलाला चिकटण्याची त्याची सोय कमी होते. बोस्टनमध्ये २००७ मध्ये पहिली चाचणी सुरू झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. २०१८ मध्ये औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या २७-२७ मुलांची तुलना प्रसिद्ध झाली: सुमारे सव्वादोन वर्षांत पहिल्या गटात एक मूल गेलं, दुसऱ्यात नऊ. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि युरोपात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अकरा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात सरासरी अडीच वर्षांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं. थोडं वाटेल, साडेचौदाच्या सरासरीत ते थोडं नाही.

डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत घ्या, गुणाकाराला ३६०० ने भागा, वर्गमूळ काढा. १०० सेंमी आणि १२ किलोच्या मुलासाठी हे ०.५८ चौरस मीटर येतं. सुरुवात दर चौरस मीटरला ११५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे या मुलाला दिवसाचे साधारण १३३. एकूण प्रमाण जवळच्या २५ च्या पटीत आणायचं, म्हणून १२५: एका वेळी ७५, दुसऱ्या वेळी ५०. कॅप्सूल ५० आणि ७५ मिलिग्रॅमच्याच येतात. चार महिन्यांनी प्रमाण दर चौरस मीटरला ११५ वरून १५० वर नेतात. तेव्हा याच मुलाचे दिवसाला १७५ होतात. वय किमान एक वर्ष आणि पृष्ठभाग किमान ०.३९ हवा. ७५ सेंमी उंची आणि ७.३ किलो वजन असलेलं मूल जेमतेम त्या रेषेवर येतं. वजन-उंची बदलली की हिशोब पुन्हा करायचा. हे राहून जातं आणि मूल महिनोन्‌महिने जुन्याच डोसवर राहतं.

सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबरच द्यायचं, उपाशीपोटी नाही. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून पूड पाच ते दहा मिलिलिटर संत्र्याच्या रसात मिसळून दहा मिनिटांच्या आत संपवायची. ग्रेपफ्रूट वर्ज्य. आपल्याकडचं पपनसही त्याच कुळातलं, त्यात तीच संयुगं असतात, म्हणून तेही नको. डोस चुकला आणि पुढच्याला आठ तासांहून जास्त वेळ असेल तर खाण्याबरोबर द्यावा. कमी वेळ असेल तर तो सोडून द्यावा, दुप्पट करू नये.

पहिल्या काही महिन्यांत उलट्या आणि जुलाब जवळजवळ ठरलेले. म्हणूनच कमी डोसने सुरुवात असते. ओआरएस घरात ठेवा. जुलाब थांबवायला लोपरामाइड स्वतःहून देऊ नका. लोनाफार्निबबरोबर ते शरीरात साठतं.

सर्वांत मोठा धोका दुसऱ्या औषधांशी गाठ पडण्याचा. लोनाफार्निब यकृतातल्या सीवायपी-३ए या विकराने मोडतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल त्या विकराला अडवतात आणि लोनाफार्निब वाढतं. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन विकर वाढवतात आणि औषध निकामी होतं. अॅटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि भूल देण्याआधीचं मिडॅझोलॅम यांच्याबरोबर ते देऊच नये. खोकल्या-तापासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातानाही ही यादी मराठीत लिहून बरोबर ठेवा. अॅझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांत कोणतंही एक चालेल असं समजून लिहिलं जातं. इथे ते चालत नाही. रक्तातले क्षार, यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी आणि दृष्टिपटल यांची नियमित तपासणी लागते.

लोनाफार्निबला प्राव्हास्टॅटिन आणि झोलेड्रोनेटची जोड देऊन पाहिली गेली. त्यातून खास जास्त फायदा निघाला नाही. ते उपचार घ्या म्हणून कुणी आग्रह केला तर एवढं लक्षात असू द्या.

वजन वाढावं म्हणून रोज तुपाचा शिरा देतो. फरक पडत नाही. आमचं काही चुकतंय का? (आजी, सातारा)

आजी, तुमचं काही चुकत नाही. त्वचेखाली चरबी साठवणाऱ्या पेशीच या आजारात टिकत नाहीत. दोन वर्षांनंतर या मुलांचं वजन वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आसपासच वाढतं, कितीही भरवलं तरी. खाऊ घालण्यावरून घरात रोज रडारड होत असेल तर ती थांबवा.

तरी थोडं आणि वारंवार, असं दिवसात सहा वेळा द्यावं. दात दाटीने, एकामागे एक येतात आणि जबडा लहान, त्यामुळे चावायला वेळ लागतो. मऊ भात-वरण, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, तिळाची चटणी, नाचणीची पेज, केळं. चमचाभर तुपाला हरकत नाही. वजनासाठी वाटीभर ओतण्यात अर्थ नाही. शेंगदाण्या-तिळाची चरबी बरी.

पाण्याकडे मात्र जेवणापेक्षा जास्त लक्ष द्या. अंगातलं पाणी कमी झालं की अरुंद धमन्यांमधून मेंदूला रक्त कमी पडतं आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. पहिल्या दहा किलोला प्रत्येकी १०० मिलिलिटर आणि वरच्या प्रत्येक किलोला ५०, या हिशोबाने बारा किलोच्या मुलाला दिवसाला ११०० मिलिलिटर द्रव लागतं, दूध-ताक-पेज धरून. एप्रिल-मे महिन्यात, तापात, जुलाबात, लांबच्या प्रवासात याहून जास्त. जुलाबाच्या दिवशी तोंडाने टिकत नसेल तर संध्याकाळची वाट न बघता सलाईनसाठी न्यावं.

मुलाला रोज अॅस्पिरिन देतात. इतक्या लहान मुलांना ते द्यायचं नसतं ना?

साधारणपणे नसतं. इथे ते धमनीत गुठळी होऊ नये म्हणून, अगदी कमी प्रमाणात देतात: किलोमागे दोन ते तीन मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. बारा किलोला २४ ते ३६. बाजारातली ७५ मिलिग्रॅमची गोळी बहुधा आवरणाची असते. तिचे तुकडे केले तर आवरण फुटतं आणि जठराला त्रास होतो. पाण्यात विरघळणारी गोळी लिहून मागा. कांजिण्या किंवा फ्लू झाला, नुसती शंका आली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिन थांबवावं, कारण त्यातून रे सिंड्रोम हा यकृत-मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणूनच कांजिण्यांची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस चुकवू नका.

आमच्या शाळेत पहिलीत असं मूल येतंय. काय तयारी ठेवावी? (मुख्याध्यापक, जि. जळगाव)

अभ्यासात वेगळी वागणूक नको, बाकी थोडी हवी. बाकाशी पाय लोंबकळू नयेत म्हणून पावलांखाली पाट किंवा ठोकळा, पाठीला उशी. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी. पाण्याची बाटली बाकावर आणि लघवीला केव्हाही जाण्याची मुभा. तळव्याखालची चरबीची गादी गेलेली असते, म्हणून मऊ तळाचे बूट वर्गातही घालू द्या; ‘चपला बाहेर’ हा नियम या मुलापुरता बाजूला. डोक्याला ऊन लागू नये म्हणून टोपीही.

खेळू द्या, पण उंच उड्या, ट्रॅम्पोलिन आणि ढकलाढकली नको. खुब्याची वाटी उथळ असते, सांधा सहज निखळतो. मूल अचानक लंगडायला लागलं किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणालं तर चालवत घरी पाठवू नका. खालच्या पट्टीचे स्वर यांना कमी ऐकू येतात, तेव्हा पुढच्या बाकावर बसवणं बरं.

शिक्षकांनी पाठ करून ठेवावं असं एकच: तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक जोरात डोकं दुखलं किंवा झटका आला, तर १०८ ला फोन. पाच मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही. ठीक झालेला झटका हाही मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटल्याचाच असतो आणि त्याच आठवड्यात मोठा येऊ शकतो.

वर्गातल्या मुलांना पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत खरं सांगा: हा आजार लागत नाही, आणि त्याचं वय तुमच्याएवढंच आहे. बहुतेक मुलांना तेवढं पुरतं. पालकसभेत मात्र जास्त वेळ द्यावा लागेल.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? औषधाचा खर्च कोण देतं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत प्रोजेरिया नावाने नाही. पण बुटकेपणा, सांध्यांची हालचाल आणि श्रवणदोष आहेत. अर्ज करताना आजाराच्या नावाबरोबर या तिन्हींच्या तपासण्या जोडा. नुसत्या ‘प्रोजेरिया’वर अर्ज परत येतो. खर्चासाठी २०२१ चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे. त्याखालची ५० लाखांपर्यंतची मदत धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी आणि उत्कृष्टता केंद्रामार्फतच मिळते, थेट रुग्णाच्या खात्यात नाही. म्हणून केईएमसारख्या केंद्रातली नोंदणी आधी. औषध चाचण्यांत आणि विशेष पुरवठ्यात सहभागी होण्यासाठी वर सांगितलेल्या फाउंडेशनची आंतरराष्ट्रीय नोंदवही हा मार्ग आहे.

पहिल्या मुलाला प्रोजेरिया आहे. आम्ही नात्यातले नाही. दुसऱ्या मुलाला होईल का?

बहुधा नाही. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. जवळजवळ नेहमी गर्भधारणेच्या वेळी नव्याने होतो. त्यात कोणाचाही दोष नाही, ना ग्रहणाचा, ना डोहाळ्यांत खाल्लेल्या कशाचा. मात्र क्वचित आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींतच बदल दडलेला असतो, आणि त्यांची रक्ततपासणी तरीही निर्दोष येते. म्हणून धोका शून्य मानू नये. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना किंवा सोळाव्यानंतर गर्भजल घेऊन नेमका तो बदल पाहता येतो. घरात जनुकीय आजाराचा रुग्ण असताना ही तपासणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात बसते, फक्त केंद्र नोंदणीकृत हवं. गर्भधारणेआधीच समुपदेशकाला भेटा, म्हणजे पहिल्या मुलाचा अहवाल हाताशी राहील.

एकाच घरात दोन-तीन भावंडांत असाच आजार असेल, आणि विशेषतः मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असेल, तर तो दुसराच, प्रोजेरियासारखा दिसणारा, दोन्हीकडून येणारा प्रकार असण्याची शक्यता जास्त. तिथे पुढच्या प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका असतो. निदान नेमकं हवं ते यासाठी.

माझं वय ३४. केस विशीतच पिकले, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नाही. आईवडील मामे-आते भावंडं. हा प्रोजेरिया असू शकतो? (नाशिक)

लहानपणचा नाही, पण वर्नर सिंड्रोमची शंका जरूर घ्या. त्यात आठव्या गुणसूत्रावरचं डब्ल्यूआरएन जनुक बिघडतं; ते डीएनए उलगडून दुरुस्त करणाऱ्या प्रथिनाचं आहे, १९९६ मध्ये सापडलं. इथे दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त. पौगंडात उंची न वाढणं ही पहिली खूण असते. मधुमेह आणि कर्करोगाची तपासणी दरवर्षी करा. हचिन्सन-गिलफर्डच्या उलट, वर्नरमध्ये कर्करोग बराच आढळतो. जखमेवर नुसती मलमपट्टी करत राहू नका, पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्या.

प्रोजेरिनचा शोध लागला, मग आपल्या म्हातारपणावर औषध कधी? टेलोमिअर मोजण्याची चाचणी करून घ्यावी का? (सेवानिवृत्त अभियंता, ठाणे)

संबंध खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. निरोगी माणसांच्या पेशींमध्येही ती खोटी खूण अधूनमधून वापरली जाते आणि किंचित प्रोजेरिन बनतं. स्काफिडी आणि मिस्टेली यांनी ते २००६ मध्ये दाखवलं. गुणसूत्रांच्या टोकांची टेलोमिअर झिजली की निरोगी पेशीत त्याचं प्रमाण वाढतं, असं २०११ मध्ये दिसलं. पण आपल्या म्हातारपणाचा तो एक छोटा धागा आहे. टेलोमिअर चाचणीने तुमच्या उपचारात काहीही बदलत नाही. ‘पेशी तरुण करणाऱ्या’ गोळ्यांचा प्रोजेरियाच्या मुलांना उपयोग झाल्याचा पुरावा नाही, आणि लोनाफार्निबशी त्यांची गाठ पडण्याची भीती आहे. ते पैसे रक्तदाबाच्या यंत्रावर खर्च करा.

खरी आशा जनुक-दुरुस्तीत आहे. २०२१ मध्ये डेव्हिड ल्यू यांच्या गटाने उंदरांना एकच इंजेक्शन दिलं. डीएनएच्या एका धाग्यावर चुकीचा ‘टी’ असेल तर समोरच्या धाग्यावर ‘ए’ असतो. त्यांचं संपादक प्रथिन त्या ‘ए’चा ‘जी’ करतं आणि जोडी आपोआप पूर्ववत होते. उंदरांचं मध्यक आयुष्य २१५ दिवसांवरून ५१० वर गेलं. माणसात ते सुरक्षितपणे, पुरेशा पेशींपर्यंत आणि धमन्या खराब होण्याआधी पोहोचवणं हा वेगळा डोंगर आहे. तोवर देखभालीतूनही आयुष्य ताणलं जातं: इटलीचे सॅमी बास्सो २८ वर्षं जगले, विज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि याच आजाराच्या संशोधनात काम केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले.

माझ्याकडे नऊ वर्षांचा रुग्ण आला आहे. दुधाचे दात पडलेले नाहीत आणि मागून कायमचे आलेत. भूल देऊन काढावेत का? (दंतवैद्य, कोल्हापूर)

शक्य तितके जागेवर बधिर करून, एका बैठकीत एक-दोन, असे काढा. मागचा दात पूर्ण वर आल्यावर किंवा येत असतानाच पुढचा काढला की तो बऱ्याचदा आपोआप पुढे सरकतो, तेव्हा घाई नको. जबड्यात जागा कमी असल्याने तारा लावण्याचा फारसा उपयोग होत नाही.

पूर्ण भूल लागलीच तर ती तुमच्या खुर्चीत नको. तोंड लहान, हनुवटी मागे, मान ताठ, स्वरयंत्राचं तोंड अरुंद. नळी घालणं अवघड जातं. लहान आकाराच्या नळ्या आणि दुर्बिणीने नळी घालण्याची सोय असलेलं रुग्णालय हवं, आणि त्याआधी ताजा ईसीजी, इको आणि मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी. रक्तदाब खाली जाऊ द्यायचा नाही आणि उपाशी ठेवण्याच्या काळात सलाईन चालू ठेवायचं, म्हणून यादीत पहिला नंबर याच मुलाचा लावायला सांगा. मूल लोनाफार्निबवर असेल तर मिडॅझोलॅमऐवजी दुसरं औषध निवडावं. तेच द्यावं लागणार असेल तर लोनाफार्निब दहा ते चौदा दिवस आधी बंद करून नंतर दोन दिवसांनी सुरू करतात. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा. पापण्या पूर्ण मिटत नाहीत, तेव्हा भूल चालू असताना डोळ्यांत मलम घालून त्या चिकटपट्टीने बंद करा; पट्टी काढताना मात्र हळू, ही त्वचा पट्टीबरोबर निघून येते.